पहिला अंक सगळेच विकतात

स्वतः लिहिलेलं, स्वतः काढलेलं आणि पदरचे पैसे घालून छापलेलं कॉमिक विकायला निघालेल्या माणसाला चहूकडून एकच सल्ला मिळतो: जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोच. रील टाक, मोठ्या अकाउंटला टॅग कर, प्रत्येक फेस्टिव्हलला टेबल घे, दिसत राहा. या उद्योगात बरीच वर्षं काढल्यावर आणि आजूबाजूच्या अनेकांची उमेद दुसऱ्या-तिसऱ्या अंकाशी संपलेली पाहिल्यावर मला हा सल्ला अर्धवट आणि म्हणूनच धोक्याचा वाटतो. पहिला अंक सगळेच विकतात. तो कॉलेजचे मित्र घेतात, मावशी घेते, ऑफिसातले लोक कौतुकाने घेतात. या खपाला बाजारपेठ समजून माणूस दुसऱ्या अंकाच्या दुप्पट प्रती छापतो आणि त्या पलंगाखाली पडून राहतात. दुसरा अंक घ्यायला कोण परत आलं, हाच या धंद्यातला खरा आकडा. म्हणून प्रसिद्धीसाठी जो वेळ आणि पैसा आपण बाजूला काढतो, त्यातला मोठा वाटा एकदा पुस्तक घेऊन गेलेल्या वाचकाला पुन्हा गाठण्यावर जायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

स्वप्रकाशित कॉमिकच्या यशाच्या ज्या कथा आपल्याकडे वारंवार सांगितल्या जातात, त्या नीट पाहिल्या तर याच बाजूने बोलतात. १९८४ साली केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी 'टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स'चा पहिला अंक काळ्या-पांढऱ्यात काढला. प्रती तीन हजारांच्या आसपास, आणि पैशांत ईस्टमनच्या काकांकडून घेतलेली उसनवारी. त्यांनी जाहिरात दिली ती 'कॉमिक्स बायर्स गाइड'मध्ये, म्हणजे कॉमिकचे दुकानदार, वितरक आणि संग्राहक जे साप्ताहिक वाचत त्यात. अमेरिकेच्या लोकसंख्येच्या मानाने ही मूठभर माणसं. पण पुढच्या अंकाची ऑर्डर देणारीही तीच. पुढे त्यांचं पाहून काळ्या-पांढऱ्या कॉमिक्सचा सुळसुळाट झाला. उद्या भाव वाढेल म्हणून लोक गठ्ठ्याने अंक घेऊन ठेवू लागले, आणि १९८७च्या सुमारास तो सगळा डोलारा कोसळला. विक्री होत होती, वाचणारं मात्र फारसं कुणी नव्हतं.

कॅनडातल्या डेव्ह सिमचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. त्याने 'सेरेबस' डिसेंबर १९७७ मध्ये सुरू केलं आणि आधी जाहीर केल्याप्रमाणे तीनशे अंक पुरे करून मार्च २००४ मध्ये थांबवलं. त्याची स्त्रियांविषयीची मतं अनेक वाचकांना असह्य झाली, मलाही ती पटत नाहीत, आणि खपही घसरत गेला. तरीही जे टिकून राहिले त्यांच्या जोरावर अंक निघत राहिले. १९८६ मध्ये 'हाय सोसायटी' हा जाडजूड संग्रह त्याने वितरकांना वगळून पोस्टाने थेट वाचकांना विकला. वितरक चिडले, पण ते पैसे तीनशेव्या अंकाकडे जाण्याच्या कामी आले. जेफ स्मिथच्या 'बोन'ची गोष्ट सांगताना लोक त्याच्या रेषेचं कौतुक करतात, आणि ती आहेच तशी. पण १९९१ मध्ये सुरू झालेली ही मालिका ५५ अंकांनी २००४ मध्ये पूर्ण झाली, त्यात त्याची पत्नी विजया अय्यर यांनी नोकरी सोडून सांभाळलेल्या व्यवहाराचा वाटा मोठा आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी विजया अय्यर नसतात, आणि असल्या तर त्यांच्याच पगारावर घर चाललेलं असतं.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू. समजा अठ्ठेचाळीस पानांचं, सेंटर पिन केलेलं कॉमिक दीडशे रुपयांना ठेवलं आणि डिजिटल छपाईत प्रत साठ रुपयांना पडली. वितरकाने ४५ टक्के घेतले तर साडेसदुसष्ट रुपये तिथे गेले. हाती साडेबावीस उरले, तेही प्रत विकल्यावर आणि दोन-चार फोन केल्यावर. तीच प्रत थेट वाचकाला पाठवली तर? पोस्ट खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही पुस्तकांसाठीची सेवा सुरू केली: तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. कर धरून चोवीस रुपये, पाकीट आणि चिकटपट्टी सहा रुपये; साठ रुपये सुटतात आणि पैसे यूपीआयने आधीच आलेले असतात. म्हणजे थेट मागवणारा एक वाचक दुकानातल्या जवळपास पावणेतीन गिऱ्हाइकांच्या तोडीचा. मात्र या सेवेच्या अटी छपाईला फाईल देण्याआधी वाचा. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव लागतं. नियतकालिक स्वरूपाचं किंवा जाहिराती असलेलं साहित्य चालत नाही, स्वतःच्या पुस्तकांची यादी चालते. तेव्हा मागच्या कव्हरवर ओळखीच्या कॅफेची जाहिरात घेऊन हजार-दोन हजार मिळवण्याचा मोह टाळा आणि 'वर्ष पहिले, अंक दुसरा' असं छापण्याऐवजी 'भाग २' असं पुस्तकच काढा. आयएसबीएन राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठी एजंटला पैसे देणारे लोक मला अजून भेटतात. ऑफसेटला हजार प्रती छापल्या की प्रत स्वस्त पडते हे खरंच, कारण प्लेटचा खर्च एकदाच असतो. पण परतणारे वाचक किती हे कळेपर्यंत ती स्वस्ताई महागात जाते.

माल दुकानात ठेवून विक्रीनंतर पैसे, या पद्धतीत आणखी एक धोका आहे. अमेरिकेतल्या कॉमिक दुकानांना वर्षानुवर्षं माल पुरवणाऱ्या डायमंड या वितरक कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मग तिच्या गोदामात विक्रीसाठी ठेवलेला प्रकाशकांचा माल विकून सावकारांची देणी भागवायची का, यावर कोर्टात वाद उभा राहिला. छोट्या प्रकाशकांच्या हाती ना प्रती होत्या, ना त्या कुणाला विकल्या गेल्या त्यांचे पत्ते. प्रती गेल्या तर पुन्हा छापता येतात. पत्ते मुळात कधी आपल्याकडे नव्हतेच.

हे पत्ते मिळवण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे फेस्टिव्हलचं टेबल, पण तिथे आपण भलतंच करत बसतो. टेबलावर स्टिकर आणि प्रिंट पटापट जातात, कॉमिक सावकाश जातं. जागेचं भाडं निघावं म्हणून पुढच्या वेळी माणूस स्टिकर वाढवतो, त्याच्या पुढच्या वेळी किचेन आणतो, आणि दोन वर्षांत चित्रकथाकाराचा स्टिकरवाला होतो. भाड्यापुरते स्टिकर ठेवायला माझी हरकत नाही. पण स्टिकर नेणारा आपला वाचक झाला असं मानू नये. वाचक कसा वागतो ते टेबलामागे बसून पाहावं. तो कव्हर बघतो, पुस्तक उचलतो आणि मधूनच उघडतो. सेंटर पिनचं पुस्तक तर आपोआप मधल्या जोडपानावर उघडतं. अठ्ठेचाळीस पानांत ती चोवीस आणि पंचवीस ही पानं. तिथे दोन माणसं खुर्च्यांवर बसून बोलताना दाखवली असतील तर गिऱ्हाईक पुस्तक खाली ठेवतं. कथेची रचना करताना या जोडपानाचा विचार करणं हीसुद्धा प्रसिद्धीच आहे, आणि तिला एक पैसा पडत नाही. विकत घेणाऱ्यापुढे वही सरकवावी. नाव, गाव, पिनकोड, फोन, कोणता भाग घेतला, पुढचा निघाल्यावर कळवू का, एवढे रकाने पुरेत. शेवटच्या रकान्यात 'नको' लिहिणाऱ्याला कधीही मेसेज करू नये. 'हो' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे आपला नंबर सेव्ह करायला सांगावं, कारण नंबर सेव्ह नसेल तर व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि परस्पर ग्रुपमध्ये घालू नये. सकाळच्या शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात आपलं कॉमिक कोण शोधणार?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: इन्स्टाग्राम नसतं तर त्या टेबलापर्यंत तरी कोण आलं असतं? मान्य. पहिली ओळख तिथेच होते आणि तिथे चार चौकटी टाकत राहायलाही हवं. पण फॉलोअर आपले नसतात, त्या कंपनीचे असतात. आपली पोस्ट त्यांतल्या कितींना दाखवायची हे ती ठरवते. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा महाराष्ट्राच्या गावागावांतल्या किती मुलामुलींनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला, हे आपण पाहिलं आहे. त्या बंदीच्या बऱ्या-वाईटाचा मुद्दा वेगळा. ज्यांच्याकडे आपल्या प्रेक्षकांचे फोन नंबर होते ते दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जाऊ शकले, एवढंच मला सांगायचं आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मराठी माणूस कॉमिक विकत घेत नाही, ते पोरांचं समजतो, मग परतणारा वाचक आणायचा कुठून? याला इतिहासाचा आधार नाही. इंद्रजाल कॉमिक्स मराठीत येत होती आणि वेताळ घरोघरी वाचला जात होता. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून रोज सकाळी चहाबरोबर वाचला गेला, आणि वाचणारी नुसती पोरं नव्हती. दोन्हींत समान काय, तर ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी भेट. पुस्तकांच्या बाबतीत तर आपल्याकडे याहून चांगला दाखला आहे. १९७४ मध्ये सुरू झालेल्या 'ग्रंथाली'ने वाचकांना सभासद करून घेतलं, पुस्तकं सवलतीत थेट त्यांच्या हाती दिली आणि गावोगाव प्रदर्शनं नेली. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये याच 'ग्रंथाली'ने काढलं. त्या पुस्तकाची ताकद त्याची स्वतःची. पण ते उचलून धरणारा वाचक आधी जोडलेला होता. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पाडलेली दिवाळी अंकाची प्रथाही अशीच, वर्षातून एकदा पण न चुकता. मराठी कॉमिकवाल्याने वर्षातून एकच भाग काढावा, हवं तर दिवाळीला काढावा, पण वही पुढे सरकवताना जी तारीख सांगितली ती पाळावी.

तिसरं म्हणणं असं की हे सगळं करत बसलो तर चित्रं कधी काढायची? रास्त आहे, आणि म्हणूनच मी कमी लोकांशी बोला म्हणतो. वचनंही कमी द्या. अमेरिकन कॉमिककार रिच बर्लू याने २०१२ मध्ये 'द ऑर्डर ऑफ द स्टिक'चे जुने संग्रह पुन्हा छापण्यासाठी किकस्टार्टरवर ५७,७५० डॉलर मागितले आणि त्याला साडेबारा लाखांहून अधिक मिळाले. २००३ पासून तो ही चित्रकथा इंटरनेटवर फुकट देत होता, वाचक जोडलेला होता, त्याचं हे फळ. पण रक्कम वाढेल तशी तो नवनवी बक्षिसं कबूल करत गेला. त्याच वर्षी काचेने त्याच्या हाताला मोठी दुखापत झाली आणि ती आश्वासनं पुरी करण्यात पुढची काही वर्षं गेली. त्याने ती निभावली, कारण लोक थांबले. आपल्याकडे आगाऊ पैसे घेताना सही केलेली प्रत आणि वेळेवर पाठवणी एवढंच कबूल करावं. प्रत्येकाला स्वतंत्र स्केच देऊ, असं चुकूनही म्हणू नये.

उरते ती एक शंका, जी सहसा कुणी मोठ्याने बोलत नाही: वहीत नावं आहेत, कळवलंही वेळेवर, तरी दुसरा भाग कुणी मागवला नाही तर? मग जाहिरात वाढवू नका आणि टेबलही घेऊ नका. वहीतल्या पाच-सहा अनोळखी वाचकांना फोन करा आणि पहिला भाग त्यांनी कुठवर वाचला ते विचारा. नातेवाईक आणि मित्र या यादीतून वगळा, ते खोटं बोलतील. बाकीच्यांनी जे पान सांगितलं, त्या पानापासून कथा पुन्हा लिहायला घ्या.