१७६ वरून २५: जामखेडच्या आकड्यांचा एक तास

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, टीव्हीवरच्या चर्चेत दोन्ही बाजू आकडे फेकतात आणि मुलं विचारतात, "मग खरं कोण?" हे शिकवायला लांब जायला नको. आपलं जामखेड घ्या.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर असलेल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. सुरुवातीला या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाची होण्याआधीच दगावत. पुढच्या काही दशकांत हा दर पंचविशीच्या आसपास आला, असं प्रकल्पाच्या नोंदी सांगतात.

फळ्यावर एवढंच लिहा आणि विचारा, "ही घट कुणामुळे?" सगळा वर्ग म्हणेल, प्रकल्पामुळे. आता शेजारी महाराष्ट्राचा दर लिहा: १९७१ मध्ये १०५, २००८ मध्ये ३३. म्हणजे जिथे हा प्रकल्प नव्हता तिथेही बाळं वाचू लागली होती. लसी आल्या, रस्ते झाले, मुली शिकल्या. मग प्रकल्पाचा वाटा किती?

त्यासाठी आधीची-नंतरची नव्हे, शेजारची तुलना लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० साली असा अभ्यास आला. प्रकल्पातली गावं आणि जवळची प्रकल्पाबाहेरची गावं ताडून पाहिली, तर पाच वर्षांखालची मुलं दगावण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. फरक मुख्यतः पहिला महिना उलटल्यानंतरचा होता.

आता गंमत बघा. समर्थक म्हणेल, "८५ टक्के घट!" विरोधक म्हणेल, "अहो, राज्यात सगळीकडेच घटलं की." दोघांच्याही तोंडी खोटा आकडा नाही. पण कशाशी तुलना केली, ते दोघंही सांगत नाहीत. माझं मत विचाराल तर ३० टक्के हाच जास्त प्रामाणिक आकडा, आणि तो लहान मुळीच नाही: जिथे दहा मुलं गेली असती तिथे सात गेली. शिवाय शेजारच्या गावांतले लोकही उपचाराला जामखेडलाच येतात, म्हणजे हा आकडा थोडा कमीच धरला गेला असेल.

एक छोटं गणित जरूर द्या. गावात वर्षाला २५ जन्म, एक बाळ दगावलं, तर दर ४०. पुढच्या वर्षी एकही नाही, तर दर शून्य. लगेच बॅनर लागतो, "बालमृत्यू शून्यावर!" मुलांना पाच वर्षांची बेरीज करायला लावा. (कुणाच्या घरी असं घडलेलं असू शकतं, तेवढं जपून बोला.)

आठवीतल्या एका मुलीने तासाच्या शेवटी विचारलं, "सर, जी बाळं घरीच जन्मली आणि घरीच गेली, ती कुणी मोजली का?" नेमका हाच प्रश्न डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालाने सरकारी नोंदींना विचारला होता. पुढचा तास मी त्यावरच ठेवलाय.