बादशहाचे घर

(पाणकासवाचे पिल्लू तळहातावर मावते. म्हणून त्याचे घरही लहानसे असले तरी चालेल, असे आपल्याला वाटते. भिवंडीतील एका विद्यार्थ्याचाही असाच समज होता. पिल्लासाठी खरे घर कसे तयार करावे लागले, ते त्याने या पाठात सांगितले आहे.)

मी तेव्हा आठवीत होतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी मामू मुंबईहून आले. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत थोडे पाणी होते आणि त्या पाण्यात दोन हिरवीगार पिल्ले पाय मारत होती. काड्यापेटीपेक्षाही लहान!

"घे, ही तुझी ईदी!" मामू म्हणाले.

दादीने चष्मा सारखा केला आणि पिशवीत डोकावून पाहिले. "अरे, हे तर कछवे!" ती म्हणाली.

मी एकाचे नाव बादशहा ठेवले आणि दुसऱ्याचे वजीर. दुकानदाराने मामूंना काचेचे एक भांडेही दिले होते. भांड्याच्या मधोमध प्लास्टिकचे बेट होते आणि बेटावर प्लास्टिकचे नारळाचे झाड. टेबलावर ते भांडे किती शोभून दिसे! मी पिल्लांना भाताची शिते, पावाचे तुकडे आणि सुकी कोळंबी घालत असे. दोन-चार दिवसांत पाणी गढूळ होई. मग मी ते सगळे ओतून देई आणि नळाचे ताजे पाणी भरी. मला वाटे, मी त्यांची फार चांगली काळजी घेत आहे.

दीड महिन्याने वजीर काही खाईनासा झाला. त्याचे डोळे मिटलेलेच असत. पाठीच्या कडेला बोट लावले, तर ती ओल्या पुठ्ठ्यासारखी दबे. एका सकाळी तो पाण्यावर तरंगताना दिसला. मी त्याला घरामागच्या शेवग्याखाली पुरले. त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आले, की बादशहाचे डोळेही सुजले आहेत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात काम करतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची सुटी घेतली आणि आम्ही ठाण्याला प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बादशहाला आम्ही एका डब्यात ओल्या फडक्यावर ठेवले होते. बाई मराठी बोलत होत्या. अब्बांना मराठी समजते, पण बोलताना ते अडखळतात. त्यामुळे बोलण्याचे काम माझ्याकडे आले. शाळेत मराठीच्या तासाला मी इतके मन लावून कधी बोललो नसेन.

बाईंनी प्रथम बादशहाची मान निरखून पाहिली. त्याच्या डोळ्यामागे एक लाल पट्टा होता.

"हे आपल्याकडचे कासव नाही," त्या म्हणाल्या. "याचा मूळ मुलूख अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. आपल्या नद्यांतले किंवा तळ्यांतले कासव असते, तर मी तुम्हांला लगेच वनविभागाकडे पाठवले असते. आपली कासवे पकडणे, विकणे किंवा घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि परदेशी प्राण्यांबद्दलही नवे नियम आले. तुम्ही मला आधी विचारले असते, तर मी 'आणू नका' असेच सांगितले असते. पण आता ते तुमच्या घरी आले आहे. वनविभागाच्या कार्यालयात जाऊन नियम विचारून घ्या. आणि ते जगले पाहिजे, हेही पाहा."

मग त्यांनी मला विचारले, "याला ऊन मिळते का?"

"हो. भांडे खिडकीजवळच असते."

"खिडकी उघडी असते, की काच लावलेली?"

"काच लावलेली," मी म्हणालो.

"इथेच चूक झाली," बाई म्हणाल्या. "उन्हात एक प्रकारचे अतिनील किरण असतात. ते अंगावर पडले, की कासवाच्या शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होते. हे जीवनसत्त्व नसेल, तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीची काच उजेड आत येऊ देते, ऊब आत येऊ देते. पण हे किरण मात्र अडवते. कासवाची पाठ म्हणजे अंगावर चढवलेला कोट नव्हे. ती त्याच्या कण्याला आणि बरगड्यांना जोडलेली असते. तिला हाडासारखेच कॅल्शियम लागते. ते मिळाले नाही, म्हणून तुझ्या दुसऱ्या पिल्लाची पाठ मऊ पडली."

डोळे सुजण्याची कारणे वेगळी होती. घाण पाणी हे एक. 'अ' जीवनसत्त्व नसलेला आहार हे दुसरे. भात आणि पाव हे कासवाचे अन्नच नव्हे! बाईंनी औषध दिले आणि ते कसे घालायचे ते दाखवले. बरा होईपर्यंत बादशहाला जेमतेम चार बोटे पाण्यात ठेवायचे, म्हणजे त्याला श्वास घेण्यासाठी धडपडावे लागणार नाही. कासव पाण्यात राहते; पण त्याला माशासारखे कल्ले नसतात. त्याला आपल्यासारखी फुप्फुसे असतात. दमलेले किंवा कुठे अडकलेले पिल्लू पाण्यात बुडून मरू शकते. हे ऐकून अब्बाही चकित झाले.

अकराव्या दिवशी बादशहाने एक डोळा उघडला. मी ओरडलोच. अम्मी पोळपाट सोडून धावत आली.

आता घराची तयारी करायची होती. शेजारच्या चाचांकडे माशांची काचेची जुनी टाकी गच्चीवर पडून होती. ती त्यांनी आम्हांला दिली. टाकी ९० सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच उंच होती. तीत २० सेंटीमीटर पाणी भरायचे ठरले. मी वहीत घनफळ काढले. ८१ लिटर! एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे नुसते पाणीच ८१ किलो झाले. टेबलाचा विचार आम्ही तिथेच सोडून दिला. जमिनीवर थर्माकोलचा जाड तुकडा पसरला आणि त्यावर टाकी ठेवली.

पाण्याइतकीच कोरडी जागाही महत्त्वाची असते. कासवाचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून गरम राहत नाही. ते बाहेरून ऊब घेते, तेव्हाच त्याचे अन्न पचते. शिवाय अंग पूर्ण कोरडे झाले, म्हणजे पाठीवर बुरशी धरत नाही. पूर्वीचे प्लास्टिकचे बेट एवढे लहान होते, की त्यावर एक पिल्लू चढले की दुसरे पाण्यात पडे. आम्ही शहाबादी फरशीचा एक तुकडा घेतला. त्याच्या कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या. टाकीच्या एका टोकाला विटा रचून त्यावर तो तिरपा बसवला. त्याची एक कड पाण्यात उतरत होती, म्हणजे बादशहाला चालत वर येता येईल. फरशीखाली त्याचे डोके अडकेल अशी फट राहू दिली नाही. माझी लहान बहीण रंगीत खडे घेऊन आली होती. तिला नाही म्हणताना वाईट वाटले, पण पिल्ले बारीक खडे गिळतात.

फरशीच्या वर ६० वॅटचा दिवा टांगला. दिवा वर-खाली करून पाहिला. फरशीवरचा थर्मामीटर ३२ अंश सेल्सिअस दाखवू लागला, तेव्हा तो तिथेच पक्का केला. पाणी २५ ते २८ अंश असावे, असे बाईंनी सांगितले होते. भिवंडीत बहुतेक महिने ते आपोआपच तेवढे असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र पाण्यात हीटर सोडावा लागतो. तो लावला, की अब्बांचा एक नियम असतो: बटण बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही.

उन्हाचे काय? अतिनील किरणांची खास नळी बाजारात मिळते. पण ती महाग असते आणि काही महिन्यांनी तिचे किरण क्षीण होतात. गंमत अशी, की नळी दिसायला तेवढीच लख्ख दिसते! आम्ही सध्या खऱ्या उन्हावरच भागवतो. सकाळी बादशहाला टबात ठेवून गच्चीवर नेतो. अर्ध्या टबावर फळी ठेवतो, कारण नुसत्या उन्हात थोडे पाणी पटकन तापते आणि सावली नसेल तर पिल्लू मरते. वरून जाळी बांधतो. कावळे तर पहिल्याच दिवशी येऊन बसले होते.

सर्वांत जास्त त्रास दिला तो पाण्याने. कासव पाण्यातच खाते आणि पाण्यातच घाण करते. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, पण डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो. आम्ही स्पंज असलेले गाळणयंत्र बसवले. पहिल्या आठवड्यात मी त्याचा स्पंज साबणाने घासून पांढराशुभ्र केला आणि दोन दिवसांत पाण्याला वास येऊ लागला. पुढच्या भेटीत बाई हसल्या. त्या म्हणाल्या, "अरे, स्पंजमध्ये राहणारे जंतूच अमोनियाचे रूपांतर कमी घातक पदार्थांत करतात. तू त्यांनाच धुऊन टाकलेस! स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळायचा." आता मी दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो. नळाचे पाणी आदल्या दिवशीच बादल्यांत भरून उघडे ठेवतो, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो.

जेवणासाठी बादशहाला वेगळ्या टबात काढतो. त्यामुळे टाकी कमी घाण होते. तोही पाण्याचाच टब असतो, कारण या जातीच्या कासवाला पाण्याशिवाय घास गिळता येत नाही. कासवांसाठीचे तयार दाणे, गांडुळे, माशाचे तुकडे, गाजराचा कीस असे त्याचे जेवण असते. पिल्लाला रोज खायला लागते. ते वाढू लागले, की मांस कमी करून पालेभाजी वाढवायची. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा पाण्यात ठेवा, असे बाईंनी सांगितले. हे काय असते ते मला कळेना. दादीने ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे आपला समंदरझाग!" तो तिच्या औषधांच्या पेटीतच होता.

एक गोष्ट मी अम्मीपासून लपवली नाही. माझी बहीण बादशहाचा मुका घेत असे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. ते पोटात गेले, तर जुलाब आणि ताप येतो. लहान मुलांना ते फार बाधतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवे विकण्यास बंदी घातली गेली. आता आमच्या घरी बादशहाला हात लावला, की साबणाने हात धुवावे लागतात. टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतायचे नाही. बहिणीने फक्त काचेबाहेरून बोलायचे.

मोहल्ल्यातल्या एका मुलाने सुचवले, "एवढा त्रास कशाला? वऱ्हाळा तलावात सोडून दे." मलाही एकदा तसे वाटले होते. बाईंना हे सांगताच त्या एकदम गंभीर झाल्या. लाल पट्ट्याचे हे कासव जगातील शंभर अति उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. सोडलेली कासवे तळ्यात टिकतात. ती आपल्या कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावतात, रोगही पसरवतात. युरोपीय देशांनी १९९७ साली त्यांची आयात बंद केली ती यासाठीच.

नव्या टाकीत सोडले, त्या दिवशी बादशहा तासभर तळाशी बसून राहिला. आम्ही सगळे काचेभोवती उकिडवे बसलो होतो. मग तो हळूच फरशीच्या कडेशी आला, थांबला आणि वर चढला. दिव्याखाली त्याने मान लांब केली आणि मागचे दोन्ही पाय पसरून दिले. दादी म्हणाली, "बघा, कारखान्यातून आलेले तुझे अब्बाच!"

आज बादशहाची पाठ नऊ सेंटीमीटर लांब आहे. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पट्टी लावून वहीत नोंद करतो. बाई म्हणतात, की तो नर आहे की मादी, हे अजून सांगता येणार नाही. नराच्या पुढच्या पायांची नखे लांब होतात. मादी असेल, तर पाठ पंचवीस सेंटीमीटरपर्यंतही वाढेल. तेव्हा ही टाकी पुरणार नाही. अब्बा गच्चीवर हौद बांधायचा म्हणत आहेत. नाव बदलून मलिका ठेवायचे का, यावर घरात वाद आहे.

अशी कासवे वीस-तीस वर्षे जगतात. मी अकरावीला दुसऱ्या गावी गेलो, तर पाणी कोण बदलेल, हा प्रश्न परवा अम्मीने काढला. कोणीच बोलले नाही. रात्री बहीण वही घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "भाईजान, स्पंज कसा पिळायचा, ते मला दाखव."

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश. कल्ले – माशाचे श्वास घेण्याचे अवयव. बुरशी – ओलाव्यामुळे धरणारी पांढरी-हिरवी वाढ. क्षीण – कमजोर. उपद्रवी – त्रास देणारे. बळकावणे – जबरदस्तीने घेणे.

स्वाध्याय

१. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन कासवाला का पुरेसे नव्हते?
२. लेखकाने स्पंज साबणाने धुतल्यावर काय झाले? का?
३. बादशहाला तलावात सोडण्यास डॉक्टरबाईंनी का विरोध केला?
४. 'खाईनासा झाला' याप्रमाणे 'बोलणे', 'चालणे', 'येणे' या क्रियापदांची रूपे करून वाक्ये लिहा.
५. तुमच्या घरातील टाकीची किंवा पिंपाची मापे घ्या. त्यात किती लिटर पाणी मावेल, ते काढा.