अनुदान मागण्यापूर्वी अभ्यासाचा आराखडा

गावोगाव आरोग्याचे काम करणारे कार्यकर्ते अनेकदा अनुदानासाठी लिहिलेले प्रस्ताव मला दाखवायला आणतात. त्यांत कळकळ असते, खर्चाचा तक्ताही चोख असतो. मात्र ‘अभ्यासाची पद्धत’ या मथळ्याखाली एकच ओळ असते : ‘पाहणी करून माहिती गोळा केली जाईल.’ एवढ्यावर अनुदान मिळणे कठीण. आणि मिळाले, तरी कामाचा उपयोग झाला की नाही हे शेवटी सांगता येत नाही.

सर्दी औषधाविनाही आठवड्यात जाते; म्हणून ‘औषध दिले आणि बरे वाटले’ हा पुरावा नव्हे. तुलना हवी. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केलेला नवजात बालकांचा अभ्यास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

प्रश्न नेमका होता : गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन काळजी घेतली, तर पहिल्या 28 दिवसांतील बालमृत्यू कमी होतील का? त्यासाठी 39 गावांत ही सेवा द्यायची आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवायची असे ठरले. सेवा सुरू होण्याआधी, 1993 ते 1995 या काळात, दोन्हीकडचे मृत्यू मोजले. हजार जन्मांमागे ते 62 आणि 58, म्हणजे जवळपास सारखे होते. सेवेच्या तिसऱ्या वर्षी, 1997-98 मध्ये, सेवेच्या गावांतील प्रमाण 25.5 वर आले; तुलनेच्या गावांत फारसा फरक पडला नाही. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आपल्या प्रस्तावात पुढील गोष्टी स्पष्ट लिहाव्यात :

1. प्रश्न एकच आणि मोजता येईल असा असावा.

2. तुलना कोणाशी, हे सांगावे. तुलनेच्या गावांतील चालू सरकारी सेवा थांबवू नयेत.

3. संख्या पुरेशी घ्यावी. हजारी 60 मृत्यूंचे प्रमाण धरले, तर वर्षाला 30 जन्म होणाऱ्या गावात सरासरी दोनच मृत्यू होतील. पुढच्या वर्षी एकही झाला नाही, तरी तो योगायोग असू शकतो. म्हणून प्रस्ताव लिहितानाच संख्याशास्त्र जाणणाऱ्याचा सल्ला घ्यावा.

4. मोजमाप कोण, केव्हा, कोणत्या तक्त्यावर करणार हे ठरवावे. दोन्ही गटांत पद्धत एकच हवी. शक्यतो सेवा देणारा आणि मोजणारा वेगळा असावा.

5. लोकांची संमती त्यांच्या बोलीत समजावून घ्यावी. नीतिविषयक समितीची मंजुरी काम सुरू होण्याआधीच हवी.

खर्चाचा तक्ता या पाच गोष्टी ठरल्यावर करावा. किती गावे, किती माणसे, किती महिने, हे ठरल्याशिवाय पैशाचा आकडा येणार कोठून?

2011 पासून ‘आशा’ कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरावीक भेटी देऊन बाळ तपासते. ती सरकारी योजना अशा पुराव्यांच्या आधाराने उभी राहिली. चांगला आराखडा एका तालुक्यातले काम देशभर पोचवू शकतो.