मान्सून अंदमानात दाखल

मे महिन्यात ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आली, की आमच्या घरी सगळे खूश. आता आपल्याकडे पाऊस कधी, याचा हिशेब अप्पा, म्हणजे माझे सासरे, बोटांवर मांडायला बसतात. ही बातमी साधारण २० मेच्या आसपास येते, हे घरातल्या शेंडेफळालाही पाठ. तरीही आम्ही सहा जणांची अंदमानची तिकिटं काढली ती १८ ते २३ मेची. शाळांना सुट्टी होती आणि खोल्या निम्म्या भाड्यात मिळत होत्या. निम्म्या भाड्यात का, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

सहल खरं तर अप्पांसाठी होती. ते मूळचे भगूरचे, तात्याराव सावरकरांच्या गावचे. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं तात्याराव ज्या सेल्युलर जेलमध्ये होते, तिथल्या कोठडीसमोर एकदा उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा. त्या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आता तीनच उरल्यात, हेही त्यांनीच मुलांना विमानात सांगितलं.

पोर्ट ब्लेअरला पोचलो तेव्हा दुपार होती. तुरुंग टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर. पण मीच म्हटलं, ‘‘आज दमलोय. आधी हॅवलॉक बेट करू, जेल शेवटच्या दिवशी निवांत बघू. शेवट गोड होईल.’’ आणि आम्ही झोपलो. उठलो तर सहा वाजायच्या आतच अंधार पडत आलेला. घड्याळ आपलंच, पण सूर्य तिथे बराच आधी उगवतो आणि आधीच मावळतो.

हॅवलॉकचे दोन दिवस छान गेले. तिसऱ्या रात्री वारा सुटला. सकाळी जेट्टीवर गेलो, तर ‘समुद्र खवळलाय, आज बोट नाही’ एवढंच उत्तर. तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण दिवस कोण परत देणार? त्यात सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, आणि ती बॅग ‘उगाच ओझं नको’ म्हणून पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलवर ठेवलेली. गावातल्या औषधाच्या दुकानात गोळ्यांचं नाव आठवून आठवून सांगताना माझा जीव अर्धा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळची सरकारी बोट मिळाली. मुलीला बोट लागली. गोळी आम्ही तिला उलटी झाल्यावर दिली, म्हणजे न दिल्यासारखीच. विमान दुपारचं. नवरा जेट्टीवरून बॅगा आणायला पळाला, आम्ही विमानतळाकडे.

आता कुणी ‘अंदमानला जातोय’ म्हटलं, की मी एवढं तरी सांगतेच. मेची सुट्टी त्यासाठी वापरू नका. जानेवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. लांबची बेटं आधी करा आणि परतीच्या विमानाआधी निदान एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरला मोकळा ठेवा. तो दिवस भाकड वाटतो, पण अडीअडचणीला तोच कामी येतो. औषधं खांद्यावरच्या पिशवीत, चार दिवसांची जादा. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि निघण्याआधीच द्या. दिवस पहाटे सुरू करा. तिकिटावर श्री विजयपुरम किंवा स्वराज द्वीप दिसलं तर गोंधळू नका. पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकचीच ती नवी नावं. किनाऱ्यावरचं प्रवाळ मुलांच्या खिशात जाऊ देऊ नका. ते आणणं कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅग उघडायला लावतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ज्या गोष्टीसाठी जाताय ती पहिल्या दिवशी बघा. कधी बंद असते, एवढं आधी विचारून ठेवा.

त्या सकाळी बोट बंदराजवळ आली, तेव्हा अप्पा डेकवर कठड्याला धरून उभे होते. टेकाडावर तुरुंगाची लांबलचक भिंत दिसत होती. मी जवळ गेले. काय बोलावं कळेना. तेच म्हणाले, ‘‘अगं, तात्यारावांनीही आधी बोटीतूनच पाहिला असेल.’’ समजूत ते माझीच काढत होते.

येत्या फेब्रुवारीत आम्ही चौघं मोठेच पुन्हा निघालोय. अप्पांनी आत्ताच बजावून ठेवलंय, विमानतळावरून बॅगांसकट थेट तुरुंगात. हॉटेल नंतर.