मंदीचा काळ आणि आरोग्यसेवेतील नोकरीबदल

वसई तालुक्यातील निर्मळ हे गाव शंकराचार्यांच्या समाधिमंदिरामुळे आणि कार्तिकातील यात्रेमुळे सर्वपरिचित आहे. फुलांच्या व केळीच्या वाड्या हे या पट्ट्याचे जुने उत्पन्नाचे साधन होय. परंतु वाडीवर सर्व कुटुंबाचा चरितार्थ चालेनासा झाला, तसतशी नोकरीची ओढ वाढली. आणि शिक्षिका व परिचारिका या दोन पेशांना येथील घरांत विशेष मान मिळाला. नालासोपारा स्थानक गाठावयाचे, लोकल पकडावयाची आणि मुंबईच्या रुग्णालयात पाळीवर हजर व्हावयाचे, हा क्रम अनेकींच्या अंगवळणी पडला आहे. माणसे आजारी पडावयाची थांबत नाहीत, तेव्हा या पेशाला मंदीची झळ लागणार नाही, असा समज त्यामागे होता.

2020 साली या समजाची परीक्षा झाली. 22 मार्चच्या मध्यरात्रीपासून उपनगरी गाड्या थांबल्या, त्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी 15 जूनला मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाल्या. मधले जवळजवळ तीन महिने बसगाड्यांच्या आधारे कामावर पोहोचण्यात गेले. त्याच एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन प्राथमिक अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी घटले. अशा वेळी रुग्णालये मात्र भरभराटीस आली असतील, असे वाटणे साहजिक आहे; वस्तुस्थिती उलट होती. नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, बाह्यरुग्ण विभाग ओस पडले आणि अनेक खाजगी रुग्णालयांची मिळकत आटली. वेतनकपात झाली, काही ठिकाणी मनुष्यबळही कमी करण्यात आले. दुसरीकडे, साथीसाठी उभारलेल्या केंद्रांना माणसे हवी होती आणि तेथे तात्पुरत्या नेमणुका झपाट्याने होत होत्या. जुनी नोकरी सोडून तिकडे जाणाऱ्यांना साथ ओसरल्यावर केंद्र बंद झाल्याचे आणि नेमणूक संपल्याचे पाहावे लागले.

आरोग्यसेवेत मंदी येते ती अशी. काम नाहीसे होत नाही, ते एका जागेवरून उठून दुसरीकडे जाते. पण नव्या जागेला पूर्वीचा पाया असतोच असे नाही.

शासकीय सेवेचा आधार शोधणाऱ्यांचा अनुभवही अभ्यासण्याजोगा आहे. राज्य शासनाने 4 मे 2020 रोजी काटकसरीचे धोरण जाहीर करून विकासखर्च 33 टक्क्यांपर्यंत मर्यादित केला व नवीन पदभरती थांबविली. तथापि सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे विभाग या बंदीतून वगळले होते. कागदावर दार उघडे होते. प्रत्यक्षात आरोग्य विभागाच्या गट क व ड पदांची परीक्षा ऑक्टोबर 2021 मध्ये झाली, प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे ती पुढे रद्द करावी लागली, आणि 10,949 पदांची नवी जाहिरात ऑगस्ट 2023 मध्ये निघाली. या तीन वर्षांत उमेदवारांची वये वाढतच होती. खुल्या प्रवर्गासाठी 38 व मागासवर्गीयांसाठी 43 ही कमाल वयोमर्यादा असल्याने शासनाला मार्च 2023 मध्ये दोन वर्षांची शिथिलता द्यावी लागली. परीक्षेच्या भरवशावर हातची नोकरी सोडणाऱ्या उमेदवाराने हा कालखंड डोळ्यांसमोर ठेवावयास हवा.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पदांची गोष्ट आणखी निराळी. 2005 साली ग्रामीण भागासाठी सुरू झालेल्या या अभियानात नेमणुकीचा आदेश सामान्यतः अकरा महिन्यांचा असतो आणि पद योजनेशी बांधलेले असते. दहा वर्षे सेवा झालेल्यांचे समायोजन करण्याचा निर्णय शासनाने 14 मार्च 2024 रोजी घेतला. त्याच्या अंमलबजावणीसाठी कर्मचाऱ्यांना ऑगस्ट 2025 मध्ये आंदोलन करावे लागले. म्हणजे अशा पदावर रुजू होणे गैर नव्हे, मात्र दहा वर्षांचा हिशेब करूनच रुजू व्हावे. मधला खंड त्या हिशेबात बाधक ठरू शकतो.

सल्ला विचारण्यास येणाऱ्या तरुणीला शिक्षक किंवा पंचायत सदस्य पहिला प्रश्न विचारतात तो पगाराचा. त्याऐवजी नेमणुकीचा आदेश मागून वाचावा. पद मंजूर आहे की योजनेपुरते, मुदत किती, पगार कोणत्या लेखाशीर्षातून निघणार, हे त्यात बहुधा सापडते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे ना, हेही पाहावे. परराज्यात जावयाचे तर तेथील परिषदेकडे स्वतंत्र व्यवस्था करावी लागते. जुन्या रुग्णालयाकडून कार्यमुक्तीचा आदेश व अनुभवाचा दाखला हाती आल्याखेरीज राजीनाम्याची घाई करू नये. मागाहून हे कागद मिळविणे किती जिकिरीचे असते, ते रुग्णालय बंद पडल्यावर कळते.

भविष्यनिर्वाह निधीबाबत तर फारच गफलत होते. नोकरी सुटली की हाताशी पैसा हवा म्हणून रक्कम काढून घेतली जाते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, 1995 पासून, मासिक वेतनाचा हक्क दहा वर्षांच्या सेवेवर मिळतो. खाते बंद न करता नव्या मालकाकडे वर्ग केल्यास जुनी वर्षे मोजली जातात. रक्कम काढल्यास ती संपतात. चार रुग्णालयांत मिळून अकरा वर्षे राबलेल्या परिचारिकेने दर वेळी निधी काढला असेल, तर निवृत्तिवेतनाच्या हिशेबी तिच्या खात्यावर केवळ शेवटच्या रुग्णालयातील सेवा उरते.