तबकडीच्या वेष्टनावरील जहाज

गाणे आपण कानांनी ऐकतो. पण एक तबकडी अशी आहे, की ती आधी डोळ्यांनी पाहावी. तिचे नाव 'सर्व्हायव्हल', म्हणजे तगून राहणे. जमैका बेटावरील गायक बॉब मार्ले याने ती १९७९ साली काढली. तो रेगे गात असे. हे तेथील गरीब वस्त्यांतून आलेले संगीत.

तबकडीचे वेष्टन नेव्हिल गॅरिक या चित्रकाराने तयार केले. त्यावर रंगीबेरंगी झेंडे आहेत, बहुतेक आफ्रिकेतील देशांचे. आता नावाच्या पट्टीकडे नीट पाहा. अक्षरांमागे बारीक आकृत्या दिसतील. ती नक्षी नव्हे. ती माणसे आहेत!

ते 'ब्रुक्स' या जहाजाचे चित्र आहे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना त्यात खेटून झोपवत. ('गुलाम' आणि 'जहाज' हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत.) कूस बदलायलाही जागा नसे. या व्यापाराला विरोध करणाऱ्या इंग्लंडमधील लोकांनी १७८८ मध्ये ते चित्र छापले. जमैकातील बहुतेक लोक अशाच जहाजांतून आणलेल्या माणसांचे वंशज आहेत.

तबकडीत झिंबाब्वेवर एक गाणे आहे. तेव्हा तेथे गोऱ्यांच्या सत्तेविरुद्ध लढा चालू होता. १८ एप्रिल १९८० रोजी तो देश स्वतंत्र झाला. त्या समारंभात मार्ले गायला. बाहेरची गर्दी आत घुसू लागली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गाणे थांबले. थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू झाले. त्याच रात्री तेथे नवा झेंडा फडकला. वेष्टनावर तो नाही. चित्र काढले तेव्हा तो झेंडा जन्मलाच नव्हता.