कॉर्डलेस दूरध्वनी : दोष शोधण्याचा एक पाठ

घरातील यंत्र बंद पडले की मोठी माणसेही ते हलवून, आपटून पाहतात. दोष अंदाजाने नव्हे, तर क्रमाने शोधावा, ही सवय मुलांस लावणे हे विज्ञानशिक्षणाचे एक प्रमुख कार्य होय. कॉर्डलेस दूरध्वनी हे त्यासाठी उत्तम साधन आहे.

रचना : या यंत्राचे दोन भाग असतात. बेस हा भाग टेलिफोनच्या तारेस व अॅडॉप्टरद्वारे विजेस जोडलेला असतो. हँडसेटमध्ये चार्ज होणारी बॅटरी असते. या दोहोंमध्ये बोलणे रेडिओलहरींवरून ये-जा करते. म्हणजे नाहीशी झाली ती केवळ या दोन भागांमधील तार. बेसपासून एक्सचेंजपर्यंतचा मार्ग कायमच आहे. ही गोष्ट प्रथम मुलांच्या मनावर ठसवावी.

वापर : डिजिटल संचाचा पल्ला मोकळ्या जागेत सुमारे ३०० मीटर, तर घरात सुमारे ५० मीटर असतो. जाड भिंती व लोखंडी कपाटे तो आणखी कमी करतात. म्हणून बेस उंच व मोकळ्या जागी ठेवावा. हँडसेटमध्ये साधे सेल कधीही घालू नयेत. चार्ज होऊ लागताच ते गळण्याचा वा फुटण्याचा धोका असतो.

दोषशोधन : पुढील तीन प्रसंग फळ्यावर लिहावेत.

१. पडदा कोरा आहे. बॅटरी उतरली असावी. हँडसेट व बेस यांच्या धातूच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, अॅडॉप्टर नीट बसला आहे का ते पाहावे. चार्ज करूनही उपयोग न झाल्यास बॅटरी बदलावी.

२. पडदा उजळतो, पण बेस सापडत नाही. बेसला वीज आहे का ते पाहावे. मग हँडसेट जवळ न्यावा. तरीही जोड न जमल्यास संचाच्या पुस्तिकेप्रमाणे हँडसेटची नोंदणी पुन्हा करावी.

३. बेस सापडतो, पण डायल टोन नाही. त्याच तारेस साधा दूरध्वनी जोडावा. तोही मुका असल्यास दोष तारेत वा एक्सचेंजकडे. तो बोलू लागल्यास दोष बेसमध्ये वा त्याच्या दोरीत.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम मुलांकडून वदवून घ्यावा.

महत्त्वाची सूचना : वीज गेली की बेस बंद पडतो व पूर्ण चार्ज झालेला हँडसेटही निरुपयोगी होतो. तांब्याच्या तारेवरील साध्या दूरध्वनीस मात्र एक्सचेंजमधील बॅटऱ्यांकडून सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा होतो. म्हणून तो अंधारातही चालतो. रात्री वीज नसताना घरात कोणास सर्पदंश झाला, तर हा भेद प्राणमोलाचा ठरतो. अशा घरी एक साधा संच अवश्य ठेवावा. जोडणी फायबरची असल्यास घरातील उपकरणासही वीज लागते. तेथे मोबाइल चार्ज केलेला असावा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक मुलांस पाठ असावा.

वर्गकार्य : यंत्र उपलब्ध नसल्यास पाच मुलांस वीज, बेस, हँडसेट, तार व एक्सचेंज अशा चिठ्ठ्या द्याव्यात. त्यांपैकी एकाने मनात 'दोष' धरावा. इतरांनी कमीत कमी प्रश्नांत तो शोधावा, आणि प्रत्येक प्रश्न का विचारला हे सांगावे. उत्तरापेक्षा या कारणास शिक्षकांनी अधिक महत्त्व द्यावे.